वाडीची रेंज मोजा, मग अर्ज लिहा

देशात ६ लाख ४४ हजार १३१ गावे आहेत आणि त्यांपैकी ६ लाख २३ हजार ६२२ गावांत मोबाइल पोचला आहे, असे केंद्र सरकारची सप्टेंबर २०२४ची आकडेवारी सांगते. तेव्हा उरली होती ती वीस हजारांच्या आसपास गावे. हा आकडा वाचून अक्राणी, एटापल्ली, चिखलदरा किंवा राजगड तालुक्यातला वाचक विचारेल, मग आम्हाला फोन लावायला अजून टेकडी का चढावी लागते? याचे उत्तर मोजण्याच्या पद्धतीत आहे. सरकार मोजते ते जनगणनेच्या यादीतले गाव. आपल्याकडे एका महसुली गावात गावठाण असते, दोन-चार वाड्या असतात, डोंगराच्या सोंडेवर धनगरवाडा असतो, ओढ्यापलीकडे पाडा असतो. गावठाणात रेंज आली की यादीत त्या गावापुढे खूण होते. पाडा त्या खुणेआड झाकला जातो.

हा लेख अशा झाकल्या गेलेल्या वस्त्यांसाठी आहे. माझे सांगणे एवढेच, की ‘आमच्याकडे रेंज नाही’ हे वाक्य कोणत्याही कार्यालयात टिकत नाही. कुठल्या वस्तीत, कोणत्या कंपनीची, किती आणि केव्हा, हे लिहून दिले तर ते टिकते. हे लिहायला इंजिनिअर लागत नाही. गावातली दहावी-बारावीची दोन मुले आणि एक वही पुरते.

मागण्याचा हक्क कुठून येतो, ते आधी पाहू. दूरसंचार कंपन्या आपल्या समायोजित सकल महसुलाच्या ५ टक्के रक्कम एका सरकारी निधीसाठी भरतात. धंदा म्हणून परवडणार नाही अशा ठिकाणी सेवा पोचवायची, यासाठीच हा निधी आहे. पूर्वी त्याला ‘युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड’ म्हणत. २०२३च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ झाले. कंपन्यांचा महसूल म्हणजे अखेर तुमचे-आमचे रिचार्ज. तेव्हा दुर्गम वस्तीतल्या माणसाने टॉवर मागताना हात जोडून उभे राहण्याची गरज नाही.

या निधीतून २०२१च्या नोव्हेंबरमध्ये पाच राज्यांतल्या ४४ आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांमधल्या ७,२८७ गावांसाठी योजना मंजूर झाली. त्यात महाराष्ट्रही आहे. पुढे २७ जुलै २०२२ला केंद्रीय मंत्रिमंडळाने २६,३१६ कोटी रुपयांची ‘फोर-जी सॅच्युरेशन’ योजना मंजूर केली. सेवा नसलेली २४,६८० गावे तिच्यात घेतली आणि नुसत्या टू-जी किंवा थ्री-जीवर असलेली ६,२७९ गावे फोर-जीवर आणायचे ठरले. काम बीएसएनएलकडे दिले आणि यंत्रणा देशी बनावटीची असावी अशी अट घातली. सप्टेंबर २०२५मध्ये ओडिशातल्या झारसुगुडा इथून या देशी फोर-जीच्या ९७ हजार ५००हून अधिक टॉवरचे उद्घाटन झाले, त्यात या निधीतले टॉवरही होते.

या योजनेतली एक तरतूद फार उपयोगाची आहे, आणि ती गावात क्वचितच कोणाला ठाऊक असते. ठरलेल्या गावांखेरीज आणखी २० टक्के गावे घेण्याची मुभा तिच्यात ठेवली आहे. कारणेही दिली आहेत: पुनर्वसन, नव्याने वसलेल्या वस्त्या, आणि कंपनीने सेवा काढून घेतलेली ठिकाणे. धरणग्रस्तांची नवी वसाहत असो, दरडीच्या भीतीने हलवलेली वाडी असो, किंवा पूर्वी टॉवर होता पण कंपनीने गाशा गुंडाळला असे गाव असो, अर्जात या तरतुदीचा उल्लेख नावानिशी करा.

मोजायचे कसे

मोबाइलच्या कोपऱ्यातल्या दांड्यांवर विसंबू नका. किती रेंजला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारी कंपनी ठरवते. त्यामुळे एकाच ओट्यावर ठेवलेल्या दोन फोनांत फरक दिसतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’, त्यात ‘सिम स्टेटस’, आणि त्यात ‘सिग्नल स्ट्रेंथ’ असते. तिथे डीबीएम या एककात एक उणे आकडा दिसतो. फोर-जीसाठी उणे ९० किंवा त्याहून वर, म्हणजे उणे ८५, उणे ८०, असे असेल तर रेंज चांगली. उणे ११०च्या खाली गेले की बोलणे तुटते, फोटो जात नाही. हा आकडा दहाने खाली आला की सिग्नलची शक्ती दहापट कमी होते. उणे १०० आणि उणे ११० हे आकडे जवळचे वाटले तरी दुसऱ्या ठिकाणी पहिल्याच्या एक दशांशच सिग्नल आहे.

मोजताना फोन एकच ठेवा, सिमे बदला. गावात ज्या ज्या कंपन्यांची सिमे आहेत ती सगळी लावून पाहा. शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, रेशन दुकान, एसटीचा थांबा आणि प्रत्येक वस्तीतले शेवटचे घर ही ठिकाणे वगळू नका. प्रत्येक ठिकाणी एकदा अंगणात आणि एकदा घरात मोजा. जाड भिंती आणि पत्र्याचे छप्पर सिग्नल अडवतात, आणि रात्री आजाऱ्यासाठी फोन करायचा असतो तो घरातूनच. एक फेरी सकाळी करा, एक रात्री आठच्या सुमारास. सकाळी आकडा चांगला आणि रात्री तोच आकडा असूनही इंटरनेट चालत नाही, असे आढळले तर रेंज आहे, पण टॉवरवर गर्दी आहे. त्याचा इलाज वेगळा, म्हणून ही नोंद महत्त्वाची.

ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही लिहा. रेंज नसली तरी फोनमधले जीपीएस उपग्रहावर चालते, त्यामुळे जिथे फोन लागत नाही तिथेही ते मिळतात. आकडा दिसत असलेल्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

फोनवर ‘नो सर्व्हिस’ दिसते की ‘फक्त आपत्कालीन कॉल’, हेही वहीत उतरवा. दुसरा संदेश दिसला तर तुमच्या कंपनीची रेंज नाही, पण दुसऱ्या कोणाची तरी तिथवर पोचते आहे. अशा ठिकाणाहून ११२ हा क्रमांक लागण्याची शक्यता असते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना हे जरूर सांगून ठेवा.

तक्रार करण्याआधी दोष आपल्या हातातल्या फोनचा तर नाही, याची खात्री करून घ्या. सेटिंगमध्ये ‘व्होल्टी’, म्हणजे फोर-जीवरून कॉल करण्याची सोय, चालू आहे का पाहा. बीएसएनएलचे जुने सिम असेल तर ते फोर-जी सिमने बदलून घ्या. बीएसएनएलचे फोर-जी काही ठिकाणी ७०० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यावर आहे. हा पट्टा लांबवर पोचतो, पण बरेच जुने फोन तो पकडत नाहीत. शेजाऱ्याच्या नव्या फोनमध्ये तेच सिम घालून पाहिले की लगेच कळते.

सरकार आणि कंपन्या काय मोजतात

दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, गाडीत यंत्रे ठेवून रस्त्यारस्त्याने रेंज तपासते. याला ‘ड्राइव्ह टेस्ट’ म्हणतात. कॉल लागतो का, मध्येच तुटतो का, आवाज किती स्पष्ट येतो, इंटरनेटचा वेग किती, हे कंपनीवार नोंदले जाते आणि अहवाल ट्रायच्या संकेतस्थळावर येतो. तुमच्या जिल्ह्याचा अहवाल मिळाला तर त्यातला मार्ग बघा. गाडी बहुधा शहरातून आणि महामार्गावरून गेलेली असते. डांबरी सडक संपल्यावर पुढे पायवाटेने जी वस्ती आहे, ती या तपासणीत येत नाही.

ट्रायचे ‘मायस्पीड’ हे ॲप कोणालाही वापरता येते. वेग मोजला की निकाल ठिकाणासह ट्रायकडे जातो. ‘मायकॉल’ ॲपवर कॉलच्या दर्जाला गुण देता येतात. दोन्ही चांगली आहेत, गावातल्या तरुणांनी ती जरूर वापरावीत. मात्र जिथे इंटरनेटच नाही, तिथून ॲप काही पाठवूच शकत नाही. त्यामुळे सर्वांत वाईट अवस्था असलेल्या जागा लोकांनी पाठवलेल्या माहितीत सर्वांत कमी दिसतात. वहीत हाताने नोंद करा असे मी वारंवार म्हणतो, ते यासाठी.

तिसरे साधन नकाशाचे. ट्रायने ऑगस्ट २०२४मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे विनियम काढले आणि ते १ ऑक्टोबर २०२४पासून लागू झाले. त्यांनुसार प्रत्येक कंपनीने टू-जी, थ्री-जी, फोर-जी, फाइव्ह-जी यांपैकी काय कुठवर पोचते त्याचा नकाशा आपल्या संकेतस्थळावर द्यायचा आहे. नवे सिम घेण्याआधी हा नकाशा बघण्याची सवय लावून घ्या. तो बहुतेक टॉवरची उंची, त्याची शक्ती आणि डोंगरउतार यांच्या हिशेबाने संगणकावर तयार होतो, आणि दिसते ती उघड्यावरची रेंज. म्हणूनच तो तुमच्या कामाचा पुरावा ठरतो. नकाशात तुमच्या पाड्यावर रंग भरलेला आहे आणि वहीत त्याच अक्षांश-रेखांशावर ‘नो सर्व्हिस’ आहे, तर नकाशाचा आणि वहीचा कागद एकमेकांना टाचून द्या. कंपनीने स्वतःच जाहीर केलेल्या गोष्टीला ‘आमची तिथे सेवा नाही’ असे उत्तर देता येत नाही.

रोग कोणता, दार कोणते

मोजणी झाली की सगळ्या तक्रारी एकाच अर्जात कोंबू नका. वस्तीत कोणत्याच कंपनीची रेंज नसेल, तर ती नव्या टॉवरची मागणी आहे. टॉवर आहे पण बंद पडतो किंवा नीट चालत नाही, तर ती सेवेबद्दलची तक्रार आहे. दोन्हींची दारे वेगळी. मागणी तक्रार क्रमांकावर नोंदवली तर ती काही दिवसांत ‘निकाली’ होऊन परत येते आणि गाव निराश होते.

दुसरी वाट आधी सांगतो, ती छोटी आहे. कंपनीच्या १९८ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि डॉकेट क्रमांक घ्या. तो मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. समाधान झाले नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. अपिलाला शुल्क नाही आणि निर्णय ३९ दिवसांत द्यायचा असतो. ट्राय वैयक्तिक तक्रारी निवारत नाही. कायद्याने ते काम त्याच्याकडे दिलेलेच नाही. कंपनीकडे दाद मिळाली नाही तर दूरसंचार विभागाच्या लोकतक्रार कक्षाचा १०६३ हा क्रमांक आहे, आणि केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर लेखी तक्रार करता येते. ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. मोबाइलच्या तक्रारी ग्राहक आयोगाने ऐकू नयेत असे कंपन्या म्हणत. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ला ते म्हणणे फेटाळले.

वीज गेली की टॉवर झोपतो, हे दुखणे कोकणापासून गडचिरोलीपर्यंत सगळीकडचे. अशा गावाने बंदची वही ठेवावी: तारीख, बंद पडल्याची वेळ, चालू झाल्याची वेळ. सेवेच्या दर्जाच्या हिशेबात महिन्याभरात मिळून २४ तासांहून अधिक काळ बंद राहिलेले टॉवर वेगळे मोजले जातात, म्हणून महिन्याची बेरीज तक्रारीत लिहा. नव्या विनियमांत सेवा २४ तासांहून अधिक बंद राहिली तर पोस्टपेडवाल्यांना भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्यांना वाढीव मुदत द्यायची तरतूद आहे. पण ती जिल्हाभर पसरलेल्या खंडासाठी आहे आणि नैसर्गिक आपत्ती तिच्यातून वगळली आहे. एका वाडीचा टॉवर बंद पडल्याने ती लागू होत नाही. हे मला अपुरे वाटते, कारण वाडीच्या दृष्टीने तो एक टॉवर म्हणजेच सगळे नेटवर्क.

वस्तीत फक्त बीएसएनएलची रेंज असेल आणि बाकीच्यांची सिमे मुकी असतील, तर तो टॉवर निधीतून उभारलेला आहे का, ते विचारा. जानेवारी २०२५पासून निधीतल्या टॉवरवर इतर कंपन्यांच्या ग्राहकांनाही सेवा मिळावी अशी सोय सुरू झाली आहे. असे २७,८३६ टॉवर आणि त्यांवर अवलंबून असलेली ३५,४००हून अधिक गावे तिच्यात येतील, असे तेव्हा सांगितले गेले. फोनमध्ये रोमिंग चालू करून पाहा. तरीही लागत नसेल तर १०६३वर तसे नेमके सांगा.

नव्या टॉवरची मागणी

इथे ग्रामसभेचा ठराव हवाच. ठरावात महसुली गावाचे नाव, जनगणनेतला गावाचा सांकेतांक, आणि त्याखाली वस्त्यांची नावे स्वतंत्र ओळीत लिहा: प्रत्येक वस्तीची घरे, लोकसंख्या, अक्षांश-रेखांश, कंपनीवार आकडे. सांकेतांक विसरू नका. सरकारी याद्या त्यावरच चालतात, आणि एका नावाची चार गावे एका तालुक्यात असू शकतात.

कारणे ठोस लिहा. रेशन दुकानाचे पॉस यंत्र कुठे अडते, रोजगार हमीची हजेरी आणि ई-पीक पाहणीचे फोटो पाठवायला किती चालावे लागते, अंगणवाडीताई नोंदी कुठे जाऊन भरतात, हे लिहा. घाटातल्या आणि डोंगरपायथ्याच्या वस्त्यांनी आपत्तीचे कारण सर्वांत वर ठेवावे. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले, तेव्हा ती खबर बाहेर आणली त्या रस्त्याने आलेल्या एसटीच्या चालकाने. आता धोक्याचा इशारा थेट मोबाइलवर पाठवण्याची यंत्रणा आली आहे, पण टॉवर नसलेल्या वाडीत तो वाजणार नाही. ज्या वाडीला इशाऱ्याची सर्वांत जास्त गरज, तीच त्याच्या बाहेर राहते. हे अर्जात स्पष्ट शब्दांत यायला हवे.

ठरावाच्या प्रती बीएसएनएलच्या जिल्हा कार्यालयाला, जिल्हाधिकाऱ्यांना, खासदारांना आणि दूरसंचार विभागाच्या परिमंडळ कार्यालयाला द्या. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक परिमंडळ आहे, मुंबईचे वेगळे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत जिल्हा दूरसंचार समितीची कल्पना आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात तिची बैठक कधी आहे ते विचारून विषय त्यात घ्यायला लावा. सोबत माहितीच्या अधिकारात दूरसंचार विभागाकडे विचारा, की आमच्या सांकेतांकाचे गाव ‘सेवा असलेले’ म्हणून नोंदले आहे का आणि कशाच्या आधारावर. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर ‘आहे’ असे आले तर तुमच्या वहीची खरी किंमत त्या दिवशी कळेल.

मंजुरी मिळाल्यावर काम अडते ते जागेपाशी, विजेपाशी आणि वनखात्यापाशी. म्हणून ठरावातच जागेचा गट क्रमांक सुचवा, पंचायत ती विनामूल्य देईल असे लिहा आणि विजेचा खांब किती लांब आहे तेही टाका. वस्ती वनहद्दीत असेल तर २००६च्या वनहक्क कायद्याचे कलम ३(२) वाचा. वीज व दूरसंचाराच्या तारांसाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने वळती करता येते, आणि तोडायची झाडे हेक्टरी ७५हून अधिक नसावीत अशी अट आहे. टॉवरपर्यंत वीज आणि फायबर नेताना ही शिफारस हाताशी असली तर बराच वेळ वाचतो.

टॉवर मागणाऱ्या गावातच टॉवरच्या किरणांना विरोध करणारेही असतात. त्यांना दटावून गप्प करू नका, माहिती द्या. भारतात १ सप्टेंबर २०१२पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. ‘तरंग संचार’ पोर्टलवर जवळच्या टॉवरची माहिती मिळते आणि ४ हजार रुपये शुल्क भरून मोजणीही मागवता येते. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे: टॉवर लांब असला की हातातला फोन तिथवर पोचण्यासाठी जास्त शक्तीने लहरी सोडतो, तेही कानाला लावलेला असताना.

या वाटेवर दोन गोष्टींपासून दूर राहा. ‘तुमच्या शेतात टॉवर बसवतो, महिना इतके भाडे, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असा फोन आला तर तो लुबाडणुकीचा असतो. ट्राय किंवा दूरसंचार विभाग अशा कामासाठी ना-हरकत पत्र देत नाहीत आणि पैसे मागत नाहीत. ‘संचार साथी’वरच्या ‘चक्षू’मध्ये त्याची खबर द्या, पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३०ला फोन करा. दुसरे, बाजारातून सिग्नल बूस्टर आणून छपरावर बसवू नका. परवानगीशिवाय तो बेकायदा आहे, आणि एका घराची सोय होताना आसपासच्या सगळ्यांचे फोन बिघडतात. टॉवर येईपर्यंत ग्रामपंचायतीत भारतनेटचे फायबर आले आहे का ते बघा. असेल तर तिथल्या वाय-फायवर ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू केलेल्या फोनवरून रेंजशिवाय साधा कॉल लावता येतो. पंचायतीचे कार्यालय संध्याकाळी उघडे ठेवायचा ठराव त्याच ग्रामसभेत घेता येईल.

टॉवर उभा राहिल्यावर जुनी वही काढा आणि त्याच ठिकाणी, त्याच फोनने पुन्हा मोजा. जिथे आकडा सुधारला नाही त्या वस्तीचा अर्ज काम चालू असताना, ठेकेदाराची माणसे गावात असतानाच द्या, कारण अँटेनाची दिशा किंवा कल बदलण्यासारख्या गोष्टी तेव्हा सहज होतात. पहिल्या पावसाळ्यात वीज गेल्यावर टॉवर किती तास चालतो ते लिहून ठेवा, आणि सप्टेंबरअखेर ती बेरीज बीएसएनएलच्या जिल्हा कार्यालयात पोच घेऊन द्या.